मोहन बागान : आरंभीची वर्षे आणि चषकांची वाटचाल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोलकात्याच्या मोहन बागान या फुटबॉल क्लबचे नाव निघाले की बहुतेकांना १९११ हे एकच साल आठवते. त्या साली या क्लबने गोऱ्या पलटणीला हरवून आयएफए शील्ड ही मानाची स्पर्धा जिंकली. ते साल मोठे आहेच. पण त्याच्या आधीची बावीस आणि नंतरची छत्तीस वर्षे ठाऊक नसतील, तर त्या विजयाचे खरे मोल ध्यानात येत नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच पुढील उत्तरांत त्या एका सामन्याइतकाच विस्तार लहानसहान चषकांना आणि मोठ्या पराभवांनाही दिला आहे.

क्लबची स्थापना केव्हा, कोठे आणि कोणी केली?

१५ ऑगस्ट १८८९ रोजी उत्तर कोलकात्यातील बलराम घोष स्ट्रीटवर, भूपेंद्रनाथ बसू यांच्या घरी झालेल्या बैठकीत क्लब स्थापन झाला. बागबाजार, श्यामबाजार या भागांतील मित्र, बसू आणि सेन या तीन प्रतिष्ठित घराण्यांचा त्यामागे पुढाकार होता. भूपेंद्रनाथ बसू पहिले अध्यक्ष झाले आणि जतींद्रनाथ बसू पहिले सचिव. भूपेंद्रनाथ हे नामांकित वकील होते आणि पुढे १९१४ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे तेच अध्यक्ष होते. क्लबच्या मुळाशी कोणत्या प्रकारची माणसे होती, याची यावरून कल्पना येईल. इंग्रजी शिक्षण घेतलेला, कायदा जाणणारा आणि संस्था उभी करून ती चालवण्याची शिस्त असलेला तो वर्ग होता. केवळ चांगले खेळाडू जमले आणि क्लब झाला, असे येथे घडलेले नाही.

‘मोहन बागान’ हे नाव कशावरून पडले?

कीर्ती मित्र यांची फडियापुकुर भागात ‘मोहन बागान व्हिला’ नावाची प्रशस्त हवेली होती. ‘बागान’ म्हणजे बंगालीत बाग. या हवेलीच्या आवारात मुले खेळू लागली आणि तेच नाव क्लबला मिळाले. आरंभी पूर्ण नाव ‘मोहन बागान स्पोर्टिंग क्लब’ असे होते. पहिल्या वर्धापनदिनाला प्राध्यापक एफ. जे. रो उपस्थित होते. येथे शिकार किंवा मासेमारी होते काय, असे त्यांनी विचारले आणि तसले काही होत नाही असे कळल्यावर ‘स्पोर्टिंग’ऐवजी ‘ॲथलेटिक’ हा शब्द योग्य ठरेल, असे सुचवले. ती सूचना मान्य झाली आणि क्लबचे नाव ‘मोहन बागान ॲथलेटिक क्लब’ झाले.

त्या काळी कोलकात्यात फुटबॉल कोण खेळत असे?

प्रामुख्याने गोऱ्या पलटणी, व्यापारी कचेऱ्यांतील युरोपीय आणि त्यांचे क्लब. कलकत्ता फुटबॉल क्लब आणि डलहौसी ही त्यांतील दोन बडी नावे. भारतीयांत हा खेळ रुजवण्याचे श्रेय नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी यांना दिले जाते. त्यांच्या शोभाबाजार क्लबने १८९२ मध्ये ट्रेड्स चषकात ईस्ट सरे या लष्करी संघाला २-१ असे हरवले. भारतीय संघाने गोऱ्या पलटणीला स्पर्धेत हरवण्याची ही पहिली मोठी घटना होय. १९११ चा विजय कोरड्या जमिनीतून उगवला नाही, हे समजण्यासाठी १८९२ हे साल लक्षात ठेवायलाच हवे.

देशातील मोठ्या स्पर्धा थोड्याच काळात एकामागून एक सुरू झाल्या होत्या. सिमल्यात १८८८ मध्ये ड्युरँड, कोलकात्यात १८८९ मध्ये ट्रेड्स चषक, मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स आणि पुन्हा कोलकात्यात १८९३ मध्ये आयएफए शील्ड. इंडियन फुटबॉल असोसिएशन, म्हणजे आयएफए, ही संस्थाही १८९३ चीच. नावात ‘इंडियन’ असले तरी तिच्या कारभारावर आणि वेळापत्रकावर गोऱ्यांचाच वरचष्मा होता.

शील्ड जिंकण्यापूर्वी मोहन बागानने कोणते चषक मिळवले होते?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि माझ्या मते सर्वांत आधी हाच विचारला पाहिजे.

क्लबने कुचबिहार चषकात १८९३ मध्ये प्रवेश घेतला, पण पहिल्या दशकात हाती काही लागले नाही. खेळण्यासाठी मैदान सापडणे हीच मोठी अडचण होती. हवेलीचे आवार मागे पडले, काही काळ श्यामपुकुरच्या चौकात खेळ चालला आणि नंतर शहराच्या मध्यभागी पसरलेल्या विस्तीर्ण ‘मैदाना’वर प्रेसिडेन्सी कॉलेजसोबत जागा वाटून घ्यावी लागली. १९०० च्या सुमारास सैलेंद्रनाथ बसू सचिव झाले. ते लष्करात सुभेदार मेजर होते. त्यांनी खेळाडूंच्या शारीरिक तयारीला शिस्त लावली आणि त्याचे फळ लवकरच दिसू लागले.

१९०४ मध्ये कुचबिहार चषक आला आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा राखला. १९०५ मध्येच चिनसुरा येथील ग्लॅडस्टन चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने डलहौसीचा ६-१ असा धुव्वा उडवला. डलहौसीने त्याच वर्षी आयएफए शील्ड जिंकली होती, म्हणजे शील्डच्या मानकऱ्यांनाच एका स्थानिक क्लबने पाच गोलांच्या फरकाने नमवले होते. त्यानंतर १९०६, १९०७ आणि १९०८ अशी सलग तीन वर्षे ट्रेड्स चषक त्यांच्याकडेच राहिला.

या चषकांची नावे आज कोणाला फारशी आठवत नाहीत. तरीही संघाची घडण याच स्पर्धांत झाली. शिबदास आणि विजयदास हे भादुरी बंधू डाव्या बाजूने एकमेकांना चेंडू देत पुढे सरकण्याची आपली पद्धत याच वर्षांत बसवत होते. १९११ ला चमत्कार म्हणणाऱ्यांनी हा सात वर्षांचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

मग शील्ड मिळायला १९११ का उजाडावे लागले?

मोहन बागान शील्डमध्ये पहिल्यांदा उतरले तेच १९०९ मध्ये आणि त्या वर्षी गॉर्डन हायलँडर्सपुढे त्यांना हार पत्करावी लागली. हायलँडर्सनी १९०८ ते १९१० अशी तीन वर्षे ओळीने शील्ड जिंकली, यावरून तो संघ काय ताकदीचा होता हे कळते. स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी, १८९३ मध्ये, रॉयल आयरिश रायफल्सने ती जिंकली आणि तेव्हापासून १९१० पर्यंत ती एकदाही भारतीय हातांत आली नव्हती.

१९११ च्या शील्डमध्ये संघाची वाटचाल कशी झाली?

१० जुलैला सेंट झेवियर्सला ३-० असे हरवून सुरुवात झाली. १४ जुलैला रेंजर्स क्लबविरुद्ध सामना २-१ असा अटीतटीने जिंकला. १९ जुलैला रायफल ब्रिगेडविरुद्ध १-० हा निकाल लागला. येथपर्यंत शहरातील उत्सुकता वाढत होती. उपांत्य फेरीनंतर ती अनावर झाली. २४ जुलैला मिडलसेक्स रेजिमेंटशी १-१ अशी बरोबरी झाली आणि दोनच दिवसांनी, २६ तारखेला, फेरसामन्यात मोहन बागानने मिडलसेक्सला ३-० असे सरळ हरवले. तीन आठवड्यांच्या आत पाच सामने खेळून, तेही भर पावसाळ्यात, हा संघ अंतिम फेरीत पोहोचला होता.

अंतिम सामन्यात नेमके काय घडले?

२९ जुलै १९११, शनिवार. समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट, मैदान कलकत्ता फुटबॉल क्लबचे, पंच एच. जी. पुलर. ढाका, आसाम, बिहार अशा लांबलांबच्या ठिकाणांहून लोक आले होते; रेल्वेने जादा गाडी सोडली होती आणि नदीवरून जादा आगबोटीही निघाल्या होत्या. गर्दीचे आकडे साठ हजारांपासून एक लाखापर्यंत वेगवेगळे दिले जातात. मैदानाला आजच्यासारखे चढते सज्जे नव्हते. त्यामुळे आलेल्यांपैकी फार मोठ्या भागाला चेंडू दिसणे शक्यच नव्हते. कोणी झाडावर चढले, कोणी खोके भाड्याने घेऊन त्यावर उभे राहिले. मागच्यांना गोलफलक कळावा म्हणून पतंग उडवले जात आणि त्यांवर गोलांची संख्या लिहिलेली असे. हजारो माणसे खेळाकडे पाठ करून आभाळाकडे पाहत उभी आहेत, असे ते दृश्य असणार. या सामन्याविषयी वाचलेल्या सगळ्या गोष्टींत मला हीच सर्वांत जवळची वाटते.

पूर्वार्धात गोल झाला नाही. उत्तरार्धात ईस्ट यॉर्कशायरच्या जॅक्सनने फ्री किकवर गोल केला आणि पतंगांवरचा आकडा लोकांच्या मनाविरुद्ध बदलला. काही मिनिटांतच कर्णधार शिबदास भादुरी यांनी बरोबरी साधली. सामना संपत आला असताना शिबदास बचावफळी भेदून आत शिरले आणि स्वतः फटका मारण्याऐवजी त्यांनी चेंडू अभिलाष घोष यांच्याकडे सोपवला. अभिलाषने तो गोलरक्षक क्रेसीला चकवून जाळ्यात धाडला. मोहन बागान २, ईस्ट यॉर्कशायर १. आयएफए शील्ड जिंकणारा हा पहिला भारतीय संघ ठरला.

त्या दुसऱ्या गोलाकडे पुन्हा एकदा पाहावे. कर्णधाराने आधीच एक गोल केलेला, वेळ सरत आलेली, शहर डोळ्यांत प्राण आणून पाहते आहे आणि अशा क्षणी तो चेंडू दुसऱ्याला देतो. संघ म्हणून खेळण्याचे जे वळण कुचबिहार आणि ट्रेड्स चषकांत लागले होते, ते येथे कामी आले.

त्या अकरा जणांत कोण कोण होते?

गोलरक्षक हीरालाल मुखर्जी. बचावात भूती सुकुल आणि सुधीर चटर्जी. मधल्या फळीत मनमोहन मुखर्जी, राजेन सेनगुप्ता आणि नीलमाधव भट्टाचार्य. आघाडीला कानू रॉय, हाबुल सरकार, अभिलाष घोष, विजयदास भादुरी आणि कर्णधार शिबदास भादुरी. बंगालमध्ये त्यांना ‘अमर एकादश’ म्हणतात.

यांतील कोणीही पैशासाठी खेळत नव्हते. शिबदास सरकारी पशुवैद्यकीय खात्यात होते, सुधीर चटर्जी मिशनच्या कॉलेजात शिकवत आणि पुढे ते धर्मोपदेशक झाले, अभिलाष अजून कॉलेजात शिकत होते, तर कोणी कचेरीत कारकुनी करत. अनेकांची मुळे पूर्व बंगालात होती, हेही नोंदवण्याजोगे आहे. कारण पुढे ‘पूर्वेकडचे’ आणि ‘पश्चिमेकडचे’ असा जो भेद मैदानावर उभा राहिला, त्याचा मागमूसही या संघात नव्हता.

खेळाडू अनवाणी का खेळत? बूट परवडत नव्हते म्हणून?

खर्च हे एक कारण होतेच. पण मुख्य कारण सवय हे होते. लहानपणापासून उघड्या पायांनी चेंडूशी ओळख झालेल्या खेळाडूला जाड कातड्याच्या बुटात चेंडूचा अंदाजच येईनासा होतो. १९११ च्या संघात सुधीर चटर्जी एकटेच बूट घालून खेळले, बाकी दहा जण अनवाणी होते.

कोरड्या जमिनीवर अनवाणी पायांचा लाभ मिळे. वळणे चटकन घेता येत, चेंडू पावलाला चिकटून राही. पाऊस पडला की मात्र सारे उलटे होई. चिखलावर उघड्या पायाने जोरात धावून जो एकदा तरी थांबायला गेला असेल, त्याला हे सांगावे लागणार नाही. बोटे जमिनीत रुतवून तोल सावरायचा आणि त्याच वेळी समोरून खिळे मारलेल्या बुटाचा पाय येत असायचा. शील्डचा हंगाम नेमका पावसाळ्यात येत असे. पुढच्या काळातील काही पराभवांचे कारण येथेच आहे. भारतीय खेळाडूंना बूट सक्तीचे झाले ते १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा पराभव झाल्यानंतर.

या विजयामुळेच ब्रिटिशांनी राजधानी दिल्लीला हलवली, हे खरे आहे काय?

नाही. राजधानी हलवण्याची आणि बंगालची फाळणी रद्द करण्याची घोषणा १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात झाली. शील्डनंतर साडेचार महिन्यांनी ती झाली म्हणून दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या जातात, इतकेच. फाळणीविरोधी चळवळीमुळे सरकार जेरीस आले होते आणि निर्णयाची कारणे त्या राजकारणात आहेत. मात्र त्याच चळवळीने ढवळून निघालेल्या शहरात हा विजय मिळाला, म्हणून तो मैदानापुरता राहिला नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

फोर्ट विल्यमवरील झेंड्याची गोष्ट काय आहे?

सामन्यानंतर एका वृद्ध गृहस्थाने सुधीर चटर्जींना गाठले, फोर्ट विल्यम या कोलकात्यातील ब्रिटिश किल्ल्यावर फडकणारा युनियन जॅक दाखवला आणि ‘हे तर झाले, आता तो केव्हा उतरणार?’ अशा अर्थाचा प्रश्न केला, अशी आख्यायिका आहे. मोहन बागान पुन्हा शील्ड जिंकेल तेव्हा, असे उत्तर गर्दीतून कोणीतरी दिले, असा तिचा शेवट सांगितला जातो. ही गोष्ट आख्यायिका म्हणूनच वाचावी. मात्र क्लबने दुसऱ्यांदा शील्ड जिंकली ती १९४७ मध्येच, ही नोंदलेली वस्तुस्थिती आहे.

१९११ नंतर दुसऱ्या शील्डसाठी छत्तीस वर्षे का लागली?

या प्रश्नाला एकच उत्तर नाही. खेळाडू निवृत्त झाले किंवा नोकरीनिमित्त पांगले. हौशी संघाचे हेच दुखणे असते. पलटणीला नवी कुमक मिळत राहते, क्लबला ती घडवावी लागते. पावसाळी हंगामाचा तोटा होताच. आणि १९११ नंतर प्रत्येक गोरा संघ मोहन बागानविरुद्ध अधिक ईर्षेने उतरू लागला.

संघ दुबळा झाला होता असे मात्र नाही. १९१० च्या दशकात गोष्ठ पाल नावाचा तरुण बचावपटू संघात आला. त्याच्या भक्कम खेळामुळे लोक त्याला ‘चीनची भिंत’ म्हणू लागले. तोही अनवाणीच खेळे. बूट घातलेल्या आडदांड सैनिकांना तो उघड्या पायांनी रोखत असे आणि १९२० च्या दशकात तो संघाचा कर्णधार होता. १९६२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा सन्मान मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू. १९२३ मध्ये त्यांच्याच काळात संघ शील्डच्या अंतिम फेरीत पोहोचला. पावसाने मैदानाचा पार चिखल झाला होता आणि कलकत्ता फुटबॉल क्लबने ०-३ असा पराभव केला. त्या संघातील गुणवत्ता पाहता तो पराभव अनेकांच्या जिव्हारी लागला.

त्यानंतर तर भारतीय क्लबांतही प्रतिस्पर्धी उभे राहिले. १९३६ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने शील्ड जिंकली आणि पंचवीस वर्षांचा मोहन बागानचा एकमेव मान संपला. १९४० मध्ये मोहन बागान पुन्हा अंतिम फेरीत आले, तर आर्यन्स क्लबने त्यांना ४-१ असे हरवले. १९४५ मध्ये पुन्हा संधी आली आणि ईस्ट बंगालने ०-१ असे रोखले. तीन अंतिम सामने, तीन पराभव. १९११ च्या फोटोला हार घालताना या तीन संघांतील खेळाडूंचीही आठवण व्हावी, असे मला मनापासून वाटते.

लीगमध्ये यश उशिरा का आले?

कलकत्ता लीग १८९८ मध्ये सुरू झाली, पण शील्ड जिंकलेल्या या क्लबला तिचे दार १९१४ मध्ये उघडले आणि तेही दुसऱ्या विभागाचे. १९१५ पासून ते पहिल्या विभागात खेळू लागले. त्या विभागात दोनपेक्षा अधिक भारतीय संघ असू नयेत, असा नियमच होता. तो १९२५ च्या सुमारास सैल झाला. मोहन बागान अनेकदा दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले, पण विजेतेपद हुलकावणी देत राहिले. दरम्यान मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी पाच वर्षे सलग लीग जिंकली.

अखेर १९३९ मध्ये मोहन बागानने लीग जिंकली. त्या वर्षी आयएफएशी झालेल्या वादामुळे मोहमेडनसह काही संघ स्पर्धेतून बाहेर पडले होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तरी कर्णधार बिमल मुखर्जी हे १९११ च्या मनमोहन मुखर्जींचे चिरंजीव होते, हा योग मनाला भिडणारा आहे. वडिलांनी पहिली शील्ड आणली, मुलाने पहिली लीग. यानंतर १९४३ आणि १९४४ मध्येही लीग मोहन बागानकडेच आली, त्यामुळे १९३९ चे यश केवळ प्रतिस्पर्धी नसल्याचे होते असे म्हणता येणार नाही.

ईस्ट बंगालशी स्पर्धा कधी सुरू झाली?

२८ जुलै १९२० रोजी कुचबिहार चषकात मोहन बागानची गाठ जोडाबागान क्लबशी पडली. जोडाबागानने सैलेश बसू या खेळाडूला वगळले. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांना ते मुळीच पटले नाही. ते बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी इतर काही जणांसह ईस्ट बंगाल क्लब स्थापन केला. लीगमधील पहिली लढत २८ मे १९२५ रोजी झाली आणि ईस्ट बंगालने ती १-० अशी जिंकली. १९४७ च्या देशाच्या फाळणीनंतर पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांनी शहर भरून गेले, तेव्हा या सामन्याला वेगळीच धार चढली.

१९४७ ची शील्ड कशी जिंकली?

१९४६ मध्ये दंगलींमुळे स्पर्धाच झाली नाही. १९४७ ची स्पर्धा लांबली आणि तिचा अंतिम सामना स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांनी झाला. समोर ईस्ट बंगाल होते आणि मोहन बागानने १-० असा विजय मिळवला. पुढच्याच वर्षी भवानीपूरला २-१ असे हरवून शील्ड राखली. या काळात बचावाची मदार सैलेन मन्ना आणि तालिमेरेन आओ यांच्यावर होती. आओ नागा टेकड्यांतून कोलकात्याला वैद्यकीय शिक्षणासाठी आले होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते.

ड्युरँड चषक केव्हा मिळाला?

१९२५ मध्ये मोहन बागानला सिमल्याला ड्युरँड खेळण्याचे निमंत्रण मिळाले. भारतीय क्लबला असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. उपांत्य फेरीत शेरवूड फॉरेस्टर्सनी त्यांना अडवले. चषक प्रत्यक्ष जिंकणारा पहिला भारतीय क्लब मात्र मोहमेडन स्पोर्टिंग ठरला. १९४० मध्ये दिल्लीत त्यांनी रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले. मोहन बागान १९५० मध्ये अंतिम फेरीत हैदराबाद पोलिसांकडून हरले आणि १९५३ मध्ये नॅशनल डिफेन्स अकॅडमीला ४-० असे नमवून त्यांनी पहिला ड्युरँड उचलला. हीच अकॅडमी लवकरच पुण्याजवळ खडकवासल्याला स्थिरावली. २०२३ मध्ये क्लबने सतराव्यांदा हा चषक जिंकला.

मुंबईच्या रोव्हर्स चषकाशी क्लबचे नाते काय?

मुंबईच्या जुन्या फुटबॉलप्रेमींना हे नाते वेगळे सांगायला नको. रोव्हर्स ही मूळची पलटणींची स्पर्धा. १८९१ मध्ये वूस्टरशायर रेजिमेंटने ती प्रथम जिंकली. १९२३ मध्ये मोहन बागानला निमंत्रण आले आणि कोलकात्याचा हा अनवाणी संघ थेट अंतिम फेरीत धडकला. डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्यांना ४-१ असे हरवले. म्हणजे एकाच वर्षात शील्ड आणि रोव्हर्स या दोन्हींच्या अंतिम फेरीत पराभव वाट्याला आला. पण त्या वर्षापासून मुंबईच्या प्रेक्षकांना हे नाव कळले.

येथेही पहिला मान दुसऱ्यांना गेला. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्सने पलटणींची मक्तेदारी मोडली, १९४० मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने चषक नेला. १९४८ मध्ये मोहन बागान पुन्हा अंतिम फेरीत आले आणि बंगळूर मुस्लिम्सकडून एका गोलाने हरले. नंतर सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेल्या हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी पाच वर्षे चषक कोणाला हलवू दिला नाही. १९५५ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगला २-० असे हरवून मोहन बागानने पहिल्यांदा रोव्हर्स जिंकला. पहिल्या अंतिम सामन्यानंतर बत्तीस वर्षांनी.

यानंतर मात्र हा चषक क्लबला भरभरून मिळाला. १९७० ते १९७२ अशी सलग तीन वर्षे तो त्यांनी जिंकला (१९७२ मध्ये ईस्ट बंगालसह संयुक्तपणे) आणि एकूण चौदा वेळा, म्हणजे इतर कोणत्याही संघापेक्षा अधिक वेळा, तो कोलकात्याला नेला. मुंबईच्या कूपरेज मैदानाच्या लोखंडी कुंपणाला चिकटून उभे राहिलेल्यांत गोव्याचे, केरळचे, बंगालचे आणि लालबाग-परळचे प्रेक्षक एकमेकांना खेटून असत. हिरवा-मरून सदरा मैदानात आला की बंगाली मंडळींचा आवाज एका बाजूने उसळत असे. २०००-०१ च्या हंगामात मोहन बागानने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला २-० असे हरवले. तो रोव्हर्सचा शेवटचा अंतिम सामना होता. त्यानंतर ही स्पर्धा भरलेली नाही.